मागे उभा राहिलेला भाऊ

मायकेजा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

गव्हर्नरच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी माझ्या हातची मक्याची भाकरी खाताना तूच म्हणालास, "दाजी, जमीनदाराला काय घाबरता? उद्या मनातलं नाव ठणकावून घ्या. मी तुमच्या मागेच उभा आहे."

उभा होतास खरा. आपल्या केंटकीत मत चारचौघांत तोंडानंच द्यायचं, आणि कचेरीच्या ओसरीवर आमचा जमीनदार कर्नल खुर्ची टाकून बसलेला. यांनी त्याच्या देखत, त्याला नको असलेल्या पर्डीचं नाव घेतलं. मग तुझी पाळी आली, आणि तू कर्नलच्या माणसाचं नाव घेतलंस. कर्नलनं उठून, टोपी काढून तुझे आभार मानले.

पर्डी निवडून आला. आमच्या ताटात त्यानं काय पडलं? कर्नलनं आम्हाला जमिनीवरून उठवलं आणि ती आमच्या घरासकट तुला कसायला दिली.

हे अजून म्हणतात, "जाऊ दे, टॅबिथा. पोरगं भ्यालं असेल."

भ्यालेल्याला कुणी बक्षीस देतं का रे?

हे पत्र मी धाडणार नाही. पत्ता माझ्याच घराचा घालावा लागेल.

तुला भाकरी वाढलेली,
टॅबिथा