तपकिरी पुस्तक द्या

आई, बाबा,

“बाई, पुस्तकाचं नावच झाकलं, तर पोरांनी मागायचं काय?”

हे मी काल मोठ्या बाईंना तोंडावर विचारलं. हो, मीच. कुणापुढे तोंड उघडत नाही, तिथे शिकून तरी धीट होईल म्हणून जिला तुम्ही कंपालाला मावशीकडे धाडणार आहात, तीच. वर्गातल्या खाइत्सा आणि नाफुना म्हणाल्या होत्या, “तू विचारून दाखव, आठवडाभर तुझं पाणी आम्ही भरू.”

सोमवारी प्राथमिक शाळा उघडतेय. बाईंनी सांगितलं तसा आम्ही मोठ्या मुलींनी तीन दिवस खपून तिथल्या वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांना सिमेंटच्या गोण्यांचा कागद घातला. आता सगळी एकसारखी तपकिरी दिसतात. पण बाईंना सांगणार कोण, म्हणून सगळ्या गप्प.

विचारलं आणि वाटलं, आता घरी निरोप जाणार. बाईंनी कपाटाकडे पाहिलं, मटकन बाकावर बसल्या आणि हसायलाच लागल्या. “अगं नाम्बोझो, पोरं म्हणाली असती, तपकिरी पुस्तक द्या. आधी का नाही बोललीस?” इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

आज कागदांवर नावं लिहायला चाललेय. बाबा, कॉफीच्या पोत्यांवर लिहायचा तुमचा मार्कर नेलाय, रागावू नका. मटोकेची हिरवी केळी पानात झाकून चुलीवर शिजत ठेवलीत. शेळी बांधलीय. पाणी नाफुना आणून टाकेल, तिला हसू नका.

आणि आई, मावशीला आजच फोन करून सांग. तोंड उघडलंय. मी इथेच शिकणार.

नाम्बोझो