आईचं उत्तर

प्रिय निशांतदादा,

मुद्दाम पत्रच लिहितेय. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस.

आईचा वरच्या खोलीतला भाडेकरू प्रणव आठवतो ना? त्यानं भंवरकुआंची स्पर्धा परीक्षांची कोचिंग सोडली आणि मित्रांना धरून पिक्चर काढला, ‘भिया, कुंडी लगा ले’. म्हणजे ‘भाऊ, कडी लावून घे’! नावावरूनच काय ते समज. शूटिंग आपल्याच जुनी इंदूरच्या घरात झालं. मला वाटलं, आई पोरांचं चहापाणी बघतेय. तिनंच पास दिले म्हणून सासूबाईंना घेऊन गेले, तर पडद्यावर घरमालकाची बायको म्हणून आई! जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेली आपली आई. सासूबाईंकडे बघायची माझी हिंमतच होईना.

पिक्चरमधला घरमालक चावट आणि बढाईखोर. पलंगावर बायकोला म्हणतो, "तेरे से तो दीवार अच्छी, टिक के सो तो सकते हैं." आई पदर सारखा करत शांतपणे म्हणते, "तो बच्चे भी दीवार से ही कर लेते, भिया!" थिएटर नुसतं उसळलं. शिट्ट्या, टाळ्या. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या.

मी मात्र गार पडले. दादा, घरमालकाचं ते वाक्य प्रणवचं नाही. ते बाबांचं आहे. "तुझ्यापेक्षा भिंत बरी." तू हॉस्टेलला होतास, मी मधल्या दारापलीकडे झोपायचे. अख्खं गाव ज्यांना ‘सरजी’ म्हणून वाकायचं, ते आपले बाबा आत असं बोलायचे. आईचा आवाज कधी आला नाही. सकाळी उठून ती आपली डबे भरायला लागायची.

थिएटरबाहेर आई उभी होती. मी तिला विचारलं, हे काय केलंस गं? म्हणाली, "उत्तर तेव्हाच सुचलं होतं. म्हणायची सोय नव्हती." आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

तुला कुणीतरी ती क्लिप पाठवली आणि काल तू तिला लिहिलंस, गेलेल्या बाबांची अब्रू घालवलीस, आता मला तोंड दाखवू नकोस. पिक्चर पुढच्या आठवड्यात मोबाइलवर येतोय. आज आईनं प्रणवला बोलावून सांगितलं, माझं वाक्य काढून टाक. घरमालकाचं मात्र राहू दे म्हणाली, त्याशिवाय सीन जमत नाही. प्रणव रडकुंडीला आलाय. तुझं वाक्य काढू नकोस म्हणून मी सांगून थकले, माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. दादा, तिला फोन कर.

तुझीच,
वल्लरी