बंद केलेली तक्रार

प्रिय केयूर,

तुझ्या पाथरीच्या घरच्या पत्त्यावर लिहिते आहे, कारण तू कंपनी सोडलीस आणि तुझा नंबर मी तीन वर्षांपूर्वी रागात काढून टाकला. काकू पाकीट न फोडता तुझ्याकडे पाठवतील, एवढा भरवसा आहे. अण्णा आता काठी टेकत अंगणापर्यंत जातात. मी जिंतूरहूनच कंपनीचं काम करते. वीज गेली की शाळकरी पोरीसारखी खूश होते.

गेल्या आठवड्यात तुझ्या जुन्या कामाशी गाठ पडली. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या आपल्या डीबगरची नवी आवृत्ती तपासायला माझ्याकडे आली आहे. एकाच ओळीवर दोन ब्रेकपॉइंट लावायचे, मग काढायचे. प्रोग्रॅम जिथे थांबवायचा तिथे ब्रेकपॉइंट लावला, की तिथली मूळ सूचना डीबगर उचलून जपून ठेवतो आणि तिच्या जागी थांबायची खूण ठेवतो. हे तू मला पुण्याच्या कॅन्टीनमध्ये समजावलं होतंस, मीठदाणी उचलून तिथे चमचा ठेवून. दुसरा ब्रेकपॉइंट येतो तो चमच्यालाच मीठदाणी समजून जपतो, असंही म्हणाला होतास. मी तेव्हा तुझ्या बोटांकडे बघत होते.

त्यावर तू तक्रार नोंदवलीस, की दोन्ही काढले तरी प्रोग्रॅम थांबतो. मी तपासलं आणि 'असं होत नाही' लिहून ती बंद केली. मी सवयीने शेवटी लावलेला आधी काढला होता. तू कुठला आधी काढलास, हे विचारलंसुद्धा नाही. या मंगळवारी चुकून पहिला आधी काढला. त्याने मीठदाणी जागेवर ठेवली, मग दुसऱ्याने जाताना जपलेला चमचा तिच्या जागी ठेवला. ब्रेकपॉइंटची यादी कोरी आणि प्रोग्रॅम तिथेच उभा. मी स्क्रीनकडे बघत बसले. अण्णांनी बाजेवरून विचारलं, "काय गं, रडायलीस का?" मी म्हटलं, हसायलेय.

केयूर, मला तुझी फार आठवण येते. अण्णांची औषधं आणायला परभणीला गेले की स्टेशनसमोरच्या रसाच्या गाड्यापाशी थांबते. बिनबर्फाचा मागते, तुझ्यासारखा. मला तो अजूनही आवडत नाही.

अण्णांना झटका आला त्या आठवड्यात तू आणखी एक गोष्ट विचारली होतीस, मी जिंतूरला येऊन राहिलो तर? त्यालाही मी 'असं होत नाही' म्हटलं होतं. ते तर तपासलंही नव्हतं. आपल्या टीममधली भक्ती परवा म्हणाली, तुझ्यासाठी मुली बघतायत. म्हणून हे पत्र. तुझी तक्रार मी काल पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, चूक तपासणारीची होती. दुसरं उत्तरही चुकलंच होतं. ते पुन्हा उघडायचं की नाही, हे तू ठरव. माझा नंबर तोच आहे. तू काढून टाकला असशील म्हणून मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुझीच,
ईश्वरी