न मारलेली उडी

६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस, की शेजारणींकडून करून घेतेस?

विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहायचं काम विभागप्रमुखांनी माझ्या गळ्यात घातलंय. संघाची प्रशिक्षक मीच, त्यामुळे पळवाट नव्हती. सुरुवातीची वर्षं छान जमली. पहिल्या मुली मुलांचा सराव संपेपर्यंत जिन्यावर बसून राहायच्या, अंधार पडता पडता त्यांना मैदान मिळायचं, हे सगळं लिहून झालं. मग तू कॅप्टन होतीस ते वर्ष आलं, आणि त्यापुढे सहा वर्षं संघच नाही. अहवालात एवढंच आहे की खेळाडू उपलब्ध नव्हत्या.

तुमच्या संघातल्या त्या उंच बाईंना, तुम्ही ज्यांना शिडी म्हणायचात त्यांना, मी फोन केला. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार. तिच्यापायी आम्ही फायनल खेळलो नाही."

मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. आई तर तुमच्यासोबत पाण्याच्या बाटल्या धरायला यायची ना? मला हा खेळ तू शिकवलास. ती माझ्या एकाही सामन्याला आलेली नाही. मी विचारलं तेव्हा ती इस्त्री करत होती. एकाच बाहीवरून कितीतरी वेळ इस्त्री फिरवत राहिली, मग बटण बंद करून आत गेली. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. बाबा म्हणतात, नको खणत बसूस. आपलं नाही तिथे हात घातल्यासारखं झालंय मला. सांगता येत असेल तर सांग. नसेल तर तसंही कळव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१४ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे, म्हणजे दुखतोही आहे. तो विषय संपला.

तुझी आई बाटल्या धरायला येत नव्हती. आमच्यातली सगळ्यात नेमकी खेळाडू तीच. गर्दीतून दोन पावलं मागे सरायची, घाई नाही की धावपळ नाही, आणि चेंडू कडीला न शिवता जाळीतून खाली. अभ्यासाला म्हणून मी तिला घरी आणायला लागले आणि माझ्या दादाला, ज्याने जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं, त्याला एकाएकी अभ्यासाची गोडी लागली. शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत दोघांचं लग्न झालं. घरी मी तिची वन्सं आणि मैदानात कॅप्टन. पास मागताना काय हाक मारायची, यात तिची हमखास गडबड व्हायची.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचलो. सकाळी कुणीतरी तिचं लग्नाबद्दल अभिनंदन केलं आणि ते संघाच्या व्यवस्थापकांनी ऐकलं. विवाहित मुलीने विद्यापीठाकडून खेळायचं नाही, असा तेव्हा नियम होता. आम्हाला कुणालाच तो ठाऊक नव्हता. त्यांनी तिला कपडे बदलायला सांगितलं. ती गेली, साडी नेसून आली आणि प्रेक्षकांत जाऊन बसली.

आम्ही सातजणी उरलो. आम्ही आपसात काहीतरी ठरवलंय, ते तिला चिमणीच्या तोंडावरून कळलं. ही चिमणी आमच्यात सगळ्यात लहान, पोटात काही राहायचं नाही तिच्या. वहिनी, म्हणजे तुझी आई, तरातरा खाली आली आणि माझा हात धरून म्हणाली, माझ्यासाठी असलं काही करू नका, मी जन्मभर कुठे फेडत बसू? मी तिला म्हटलं, "तुझ्यासाठी नाही गं. उद्या माझंही लग्न होईल."

पुढे माझं लग्न झालंच नाही, ते सोड.

शिट्टी झाली. पंचांनी चेंडू वर उडवला. शिडी समोर उभी होती, तिने उडीच मारली नाही. समोरच्या पोरी बावचळल्या. आम्ही पाचजणी मधल्या वर्तुळात खाली बसलो, बाकावरच्या दोघी येऊन शेजारी बसल्या. चषक समोरच्यांना गेला आणि परत आल्यावर विद्यापीठाने आमचा संघच बंद केला.

वहिनीने त्यानंतर चेंडूला हात लावला नाही. मी पुष्कळ समजावलं. आम्ही तिच्या भल्यासाठी बसलो नव्हतो, ते तिला कधी पटलं नाही. आता तू लिहिणार असशील तर आधी तिला वाचून दाखव. आणि नोकरी सांभाळून लिही. आम्हाला गमवायला एक चषक होता, तुला घर चालवायचंय.

जपून राहा, आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या

२२ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

कित्येक वर्षांनी तुम्हाला पत्र लिहिते आहे. अक्षर गोड मानून घ्या.

ठकीने तुमचं पत्र आणि तिचा मजकूर, दोन्ही मला वाचून दाखवलं. ती वाचत होती आणि मी शेंगा सोलत होते. संपल्यावर म्हणाली, नको म्हणालीस तर फाडून टाकते. मी म्हटलं, राहू दे. विभागप्रमुखांनी मात्र ते पान गाळलं. ही म्हणाली, मग माझंही नाव काढा. दोन आठवडे ते हिच्याशी बोलले नाहीत. शेवटी तीन वाक्यं छापली. सात खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि तो का, एवढं त्यात आलंय. मला ते पुरेसं वाटतं, ठकीला नाही. नोकरी शाबूत आहे, काळजी नसावी.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मी एकेकीला फोन केला आणि मनात राग आहे का, हे सरळ विचारलं. सगळ्या म्हणाल्या, छे गं, वेडी की काय तू. चिमणी तर रडलीच. शेवटी शिडीला लावला. ती म्हणाली, "आहे राग. देशाच्या संघाची निवड करणारे त्या दिवशी मला बघायला आले होते. मी पुन्हाही उडी मारणार नाही, पण राग आहे."

वन्सं, तुम्हाला विचित्र वाटेल, पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तुम्ही सगळ्यांनी मला इतकं सांभाळून घेतलंत की तुमचं काय गेलं हे विचारायचीही मला सोय राहिली नाही. तिने ते सांगितलं. मग आम्ही पुष्कळ बोललो. ती किती उंच उडायची, ते मी तिला सांगितलं. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं म्हणे.

पुढच्या महिन्यात ती चार दिवस आपल्याकडे राहायला येते आहे. तुम्हीही या, गुडघ्याचं निमित्त सांगू नका. भांडण झालं तर होऊ दे, इतकी वर्षं तुंबून राहिलंय. यांना तेवढे दिवस धाकट्या भाऊजींकडे पाठवून देईन म्हणते.

माया आहे तशीच असू द्यावी, आणि तुमच्या मनातही काही असेल तर येताना ते घेऊन यावं.

तुमची,
वहिनी