उजव्या हाताची नाडी

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार

आज सामान लावून झालं. मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. स्वतंत्र नळ आहे आणि खिडकी पूर्वेला. सकाळी घोडे फिरवायला नेतात ते खिडकीतून दिसतात. घरमालक हिम्मतरावकाका आमच्या भालकीकडचेच, शिक्षण खात्यातून निवृत्त. तारामतीकाकूंनी आल्या आल्या चहा दिला. ही खोली त्यांच्या मुलीची, त्रिवेणीची, ती दोन वर्षांपूर्वी वारली, हे त्यांनी सांगितलं आणि लगेच विचारलं, साखर पुरे का.

दिलसुखनगरच्या टीव्ही शोरूममध्ये नोकरी लागली. मी दहावी नापास, पण अक्षर नीट आहे आणि स्पेलिंग चुकत नाही, म्हणून मालकांनी वॉरंटी कार्डं लिहायला ठेवलं. हल्ली दर महिन्याला नवी परदेशी कंपनी येते, प्रत्येकीचं स्पेलिंग वेगळं. मला हे काम फार आवडलं.

आईला पत्र टाकलं. छातीतल्या धडधडीचं लिहिलं नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

कार्ड लिहिताना पुन्हा धडधड. पेन थरथरलं, एक कार्ड वाया गेलं. नाडी ११८. टीव्ही जोडून देणारा शिवराज म्हणाला, दिल किसकू देको आया हेमंत मियाँ, जाके वापस मांग ले. सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. कार्डिओग्राम चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, ते उगाच घाबरतं. ठोके कमी करणारी, बीटा ब्लॉकर नावाची गोळी दिली, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. दोन गोष्टी बजावल्या. आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, नाहीतर हृदय उसळतं. आणि नाडी पन्नासच्या खाली गेली तर लगेच येऊन दाखवायचं. मी रोज मोजून लिहिणार आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार

नाडी ७४. गोळीने गुण आला. हात अजिबात थरथरत नाही.

सकाळी हिम्मतरावकाका घड्याळ घेऊन बसतात आणि माझी नाडी मोजतात. मी डावा हात पुढे केला की बाजूला सारतात. त्यांचे वडील वैद्यकी करत. पुरुषाची नाडी उजव्या हाताला पाहायची आणि बाईची डाव्या, असं काका म्हणाले.

१६ नोव्हेंबर, बुधवार

काकांनी मोजली, ६०. हात-पाय गार पडतात, पण डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं.

दुपारी शोरूममध्ये उजव्या हातात पेन होतं म्हणून डावी नाडी मोजली. ८८. पेन ठेवून उजवी मोजली. ५८. तेच घड्याळ, तोच काटा. तीन वेळा मोजलं. मग दोन्ही मनगटांवर आळीपाळीने बोटं ठेवून पाहिलं. उजवीचे दोन ठोके होतात तोवर डावीचे तीन होतात. डावी हलकी आहे, भरभर चालते.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या बाजूला माझा डावा हात होता, त्यांनी तोच धरला. म्हणाले, ९०, अजून खाली आली पाहिजे. मी उजवा पुढे केला. त्यांनी जरा वेळ चाचपला आणि म्हणाले, थंडीने लागत नाही नीट. मी म्हटलं, दोन वेगळ्या आहेत. ते हसले. बाबा रे, हृदय एकच असतं, म्हणाले. छातीला नळी लावून ऐकलं. छातीतही ९०.

गोळी दुप्पट करून दिली.

२१ नोव्हेंबर, सोमवार

उजवी ४८. डावी ८८.

काकू ताट ठेवायला आल्या आणि सहज माझा डावा हात हातात घेतला. मग सोडेनात. डोळे मिटून बसल्या. काकांना हाक मारली. काकांनी बोटं ठेवली, या वेळी डाव्या हातावर. काकू म्हणाल्या, हौ, तीच आहे ना हो. पोरीच्या आजारपणात महिनाभर रोज रात्री हाच हात धरून बसत होते, मी ओळखणार नाही का. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हातावरून मात्र हात फिरवत राहिले.

मला सगळं समजलं. उठून जिना उतरायला हवं होतं. पण भीती डोक्यातच राहिली, छातीत उतरली नाही. पळायला छातीतून जे उठावं लागतं ते उठलं नाही. मी गार बसून राहिलो. काकूंनी वाढलेलं जेवलो.

२३ नोव्हेंबर

उजवी आणखी उतरू नये म्हणून काल गोळी घेतली नाही. आज दुपारी छाती उसळली. डावी १४०. उजवी ३८. श्वास पुरेना. पाण्याचा पेला उजव्या हाताने धरला. गोळी तोंडात डाव्या हाताने घातली. मी घातली नाही. मी बघत होतो.

शिवराजला सांगितलं. तो हसला नाही. गावाला जा म्हणाला. रिक्षात बसवतो म्हणाला. मला काउंटरवरून उठताच आलं नाही.

२५ नोव्हेंबर

उजवी ३४.

काकूंनी गल्लीतल्या बांगडीवालीला वर बोलावलं. हिरव्या काचेच्या. डाव्या हातात सहा. मी नको म्हणत होतो — हात आपणच आक्रसून लहान झाला, बांगड्या सरसर चढल्या. बांगडीवाली म्हणाली, पोरीसारखं हाड आहे. उतरत नाहीत. फोडायला उजव्यात जोर नाही.

काकू आता दार वाजवत नाहीत. सरळ येतात. हाताशी बोलतात.

आईला पत्र — पत्ता लिहिला. पुढे लिहवत नाही.

२६

उजवी २६. मधलं अंतर फार मोठं. एक ठोका झाला की पुढचा येईल की नाही —

डावी ८०. निरोगी.

२७

काकांना म्हटलं, मला डॉक्टरांकडे न्या. काका रडले. म्हणाले, डॉक्टर तिलाच बंद करतील रे.

उजवी १४

सकाळ

उजवी लागत नाही. बोट हलवून पाहिलं. वर, खाली. पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. नाही.

मग मी कसा —

गळ्यापाशी बोटं ठेवली. आहे. लगेच लागली. नीट, ठसठशीत. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी —

मी मोजतोय. मोजणारा मीच आहे. माझं नाव हेमं