परत येणारी ओळ

मनसारामभाऊ,

लहानपणी तू मले कविता वाचायले शिकवलं, तवा मी हरेक ओळ दोनदा वाचत होती. रोवण्यात धान लावताना बायांची एक रांग गाण्याची ओळ म्हणते, समोरची रांग तीच परत देते. मले वाटलं, कविताही तशीच. तू हासला. मंग मी जन्मभर एकदाच वाचलं, तेही चुपचाप.

तुझ्या कवितेच्या पुस्तकातली ओळही तशीच वाचली: 'माय चिखलात उभी, आभाळ पायाशी ठेवून.' मनाले काई लागलं नाई. काल धानाच्या बांधीत रोवता रोवता मोठ्यानं म्हटली. समोरून बायांनी परत दिली, अन् मले आपली माय दिसली.

हे पत्र टाकत नाई, तूही चुपचापच वाचशीन. फोनवर फक्त 'रोवण्याले ये' म्हणीन. आल्यावर बांधीत उतर, तुझी ओळ म्हण. परत देयाले आमी आहो.

तुझी बहीण,
गिरजा