वीस हात, बोटं वगळून

अण्णा, आज मी तुमच्यावर चिडलोय. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो, आणि शाळेच्या हिशोबानं अजून नववीतच आहे. नंतर कुठंकुठं फिरलो. अकोल्याकडं जीपवर होतो, तिथं एक म्हातारी भाडं कोसावर ठरवायची आणि तिचा कोस चढाला लांब, उताराला आखूड. पण ते राहू द्या. आता नेवाशाला अक्काकडं आलोय. ती आपल्या जुन्या जागेत घर बांधतेय. पाया खोदायला आज पोकलेन आलं.

त्या जागेतला झाकलेला आड तुम्हीच एकदा दाखवला होता. "चिंचेच्या बुंध्यापासून देवळाकडं त्वांड करून वीस हात. वर नुसत्या फरशा हायेत, त्यावर माती. तिथं वजन घालू नगा." अक्काला ते पाठ होतं. मला शाळेतलं आठवत होतं, हात म्हणजे दीड फूट. वीस हात, तीस फूट. टेप लावला, तिसाव्या फुटावर चुन्याच्या फक्कीचा गोल काढला, ड्रायव्हरला सांगितलं, "गोलाच्या चार-पाच फूट अलीकडंच थांबायचं."

"तुमच्या बापाचा आड, तुमीच संबाळा. मला काय त्यात पवायचं न्हाई," तो हसत म्हणाला. अक्कानं त्याला बशीत चहा ओतून दिला. तो बशी धरून फुंकर घालतोय, चार बोटं खाली, अंगठा वर, आणि मी उगाच त्याच्या हाताकडं बघत बसलोय. काहीतरी खुपतंय, काय ते कळत नाही. तो केबिनमध्ये चढला, मशीन चिंचेकडून सरकायला लागलं, तेव्हा मला तुम्ही बशी धरायचात ते आठवलं. अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही बोटं तर विहिरीतल्या सुरुंगानं नेलेली.

आणि तुम्ही मोजायचात त्याच उजव्या हातानं. कोपर टेकवायचं, हात जिथं संपला तिथं काडीनं रेघ, पुन्हा कोपर. मी एकदा म्हणालो होतो, "अण्णा, तुमचा हात कमी भरतो." तुम्ही डोक्यात टपली मारलीत. "माझ्या हातानं मोजलेल्या हिरीला पानी लागलंय का न्हाई? मग गप."

मी टेपकडं पळालो नाही, मशीनच्या पुढं पळालो. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येईना. अक्का मागून ओरडत होती, "आरं मरशील, बाजूला हो!" मी दोन्ही हात वर करून उभा, पट्टे माझ्याकडं येतायत, आणि पायाखाली माती आहे की नुसती फरशी, ते मला माहीत नाही. तो थांबला. केबिनमधून आईवरून शिवी आली. "मागं घे," मी म्हणालो. "हळू घे. हात चुकलाय." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मशीन मागं घेतलं.

मग मी माझी तीन बोटं मुडपली, चिंचेपासून गुडघ्यांवर रांगत कोपरानं वीस हात मोजले. चोवीस फुटांच्या आसपास आलो, म्हणजे मघाशी उभा होतो तिथंच. पहार मारली. वीतभर मातीखाली ठण्ण झालं, आणि आवाज खाली कुठंतरी घुमत गेला. ड्रायव्हर खाली उतरला होता, तो दोन पावलं मागं सरकला. अक्का तुम्हालाच बोलायला लागली, "ह्या माणसानं जाता जाता तरी सांगायचं व्हतं, मोजलं ते कसल्या हातानं!"

तेच विचारायला लिहायला बसलो होतो, की का नाही सांगितलंत. पण तुमच्या दृष्टीनं तो पुरा हातच होता ना? अक्का आत झोपलीय, तिला हे वाचून दाखवणार नाही आणि टाकायला तर पत्ताच नाही, म्हणून सांगतो. पहार ठण्ण वाजली तेव्हा ड्रायव्हर वाचला, हे माझ्या मनात नंतर आलं. आधी आलं ते एवढंच, की अण्णांचं माप बरोबर भरलं.